शिशाची पारख

माणसाबद्दल लिहायला बसलं की सुरुवातीला चार चांगले शब्द लिहावेत, अशी रीत आहे. गुणवंतरावांच्या बाबतीत ते मला जमणार नाही. मला या माणसाची किळस यायची, अजूनही येते, आणि ती का येते हे एकदा नीट सांगून टाकावं म्हणूनच मी हे लिहिते आहे. त्यांना अहो-जाहो करते आहे ते निव्वळ जिभेच्या सवयीने. वयाने मोठ्या माणसाला अरे-तुरे करायला तोंड धजत नाही, मग तो माणूस कसाही निघो.

संग्रामपूरच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा त्यांच्याच आवारातल्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. त्यांचं घर आणि माझ्या खोल्या यांच्यामध्ये एकच फरशीचं अंगण होतं. मी सामान उतरवत होते आणि ते बाजेवर बसून पाहत होते. साठीला आलेला माणूस, पांढराशुभ्र सदरा, केसांना तेल, कपाळाला अष्टगंध. तोंडात काहीतरी घोळवत होते. मला वाटलं, सुपारी असेल. माझ्याशी बोलायचं म्हणून त्यांनी ते तळहातावर काढलं, तर बोटाच्या पेराएवढा राखाडी धातूचा तुकडा निघाला. लाळेने ओला, आणि वर दातांचे ठसे उमटलेले. तो त्यांनी बाजेच्या गातेवर, म्हणजे कडेच्या लाकडावर, ठेवला, हात सदऱ्याला पुसला आणि त्याच हाताने चिवड्याची बशी माझ्यापुढे केली. मी उपास असल्याचं सांगून टाकलं.

तो तुकडा शिशाचा होता. गुणवंतरावांकडे वडिलांच्या वेळची एअरगन होती आणि तिचे छर्रे ते घरीच ओतायचे. खामगावच्या बाजारात छर्‍यांच्या डब्या मिळतात, पण बाजारचा छर्रा त्यांच्या लेखी कचरा. त्याच्यात भेसळ असते, तो कडक असतो, बंदुकीच्या नळीत आतून जे आटे असतात ते कडक छर्‍याने खराब होतात, असं ते भेटेल त्याला ऐकवत. यात खोटं काही नसावं. शिशातलं त्यांना कळत होतं, हे मलाही मान्य करावं लागतं.

संत्र्याचा बगीचा त्यांनी बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, कसायला दिलेला होता, त्यामुळे दिवसभर करायला काही नसायचं. बाजेशेजारी शिशाचा ढीग घेऊन बसणं हेच त्यांचं काम. लोक कुठून कुठून शिसं आणून दाखवायचे. गाडीच्या चाकाला लावतात ती वजनं, फुटक्या बॅटरीच्या प्लेटा, जुन्या टेलिफोनच्या केबलीवरचं जाड शिशाचं कवच. गुणवंतराव तुकडा हातात घेत, अंगठ्याच्या नखाने ओरखडा काढत, मग फरशीवर टाकून आवाज ऐकत. मऊ शिसं पडलं की बद्द आवाज होतो, कडक असलं की किंचित वाजतं. तरीही शंका राहिली तर दाताने चावायचं. चाकाची वजनं त्यांना चालत नसत, बॅटरीचं शिसं तर ते हातातही धरत नसत. केबलीचं कवच दिसलं मात्र की त्यांचे डोळे असे काही चमकायचे की मला तिथून उठावंसं वाटे.

एकदा टायरच्या दुकानवाल्याने त्यांना गोणीभर शिसं पाठवलं. मऊ तेवढंच निवडलंय, असा निरोप होता. गुणवंतरावांनी सगळी गोणी अंगणात ओतली आणि संध्याकाळपर्यंत एकेक तुकडा तपासला. मध्ये जेवायला उठले नाहीत, हात धुतले नाहीत. त्यांच्या बायकोने, विमलकाकूंनी, ताट बाजेवरच आणून दिलं तर त्या काळ्या बोटांनीच भाकरी मोडून खाल्ली. शेवटी तीन-चार तुकडे कडक निघाले. तेवढ्यासाठी त्यांनी गोणी पुन्हा भरली, गाडीवर घातली आणि दुकानासमोर नेऊन उपडी केली. भर बाजारात त्या दुकानवाल्याला म्हणाले की गुणवंताला शिसं शिकवू नको. ही गोष्ट ते पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि ऐकणाऱ्याला मान डोलवावी लागे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी विचारलं की चांगलं शिसं कसं ओळखायचं, तर काकू ऐकत असताना, किंबहुना ऐकत असल्या तर मुद्दाम, ते म्हणत, "शिसं बायकोसारखं पायजे. दाबलं का दबलं पायजे, आन पडलं तरी आवाज नाही आला पायजे." मग स्वतःच हसत. समोरचे पुरुषही हसत. विमलकाकू तेव्हा पदराने भांडं पुसत आत निघून जायच्या. मी एकदा तोंडावर म्हटलं की काका, हे बोलणं बरं नाही. त्यांनी माझ्याकडे मजेत पाहिलं आणि म्हणाले, मॅडमले राग आला. त्या दिवशी ते वाक्य त्यांनी आणखी दोघांना ऐकवलं.

शिसं वितळवायचं ते काकूंच्या चुलीवर, काकूंच्या कढल्यात. फोडणीचं लोखंडी कढलं असतं ना, तेच. ओतायला वरणाची पळी. छर्रे लहानमोठे निवडायला पिठाची चाळणी. काकू दर वेळी नवी पळी आणून जुनी त्यांच्यासाठी वेगळी ठेवायच्या, आणि दर वेळी त्यांच्या हाताला नवीच लागायची. घासली की झालं, असं त्यांचं म्हणणं. शिसं तापलं की त्यावर राखेसारखी साय येते. ती ते पळीने काढून न्हाणीच्या तोंडाशी झटकत. तो वास माझ्या खोलीत शिरला की मी दार लावून घ्यायची, आणि तरी तोंडाला कसलीशी गुळचट चव यायची.

बरं, एवढे निवडून पारखून केलेले छर्रे मारायचे कशावर? बगीच्यात माकडं येतात, राघू येतात, हे कारण सांगायला होतं. पण बगीच्यात ते वर्षाकाठी एखाद्या वेळी गेले तर गेले. काकू रोज सकाळी ज्वारीची कणी अंगणाच्या कोपऱ्यात टाकायच्या. त्यावर होले उतरायचे, राखाडी, गरीब पाखरं. काकूंना त्यांचं कोण कौतुक. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या होल्यांशी त्या बोलायच्या, उशीर झाला म्हणून रागवायच्या, नवीन आलेल्याची चौकशी करायच्या. आणि गुणवंतराव बाजेवर आडवे होऊन, उशीवर नळी टेकवून, त्याच कणीवर बसलेल्या होल्याला टिपायचे. नव्या छर्‍याची परीक्षा घ्यायला लांब कशाला जायचं, म्हणून. मेलेला होला ते खातही नव्हते. छातीत बोट घालून छर्रा शोधून काढायचे आणि किती चपटा झाला ते उजेडात धरून बघायचे. चांगला चपटा झाला तर शिसं मऊ. पाखरू उकिरड्यावर टाकून द्यायचे.

काकूंनी कणी टाकणं बंद केलं. त्यांनी मला कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गुणवंतरावांनी मात्र विचारलं. हल्ली पाखरं काऊन येत नाहीत, असं त्यांनी काकूंनाच विचारलं, आणि ते खरंच कळत नसल्यासारखं विचारलं.

काकूंकडे माहेरचा एक पितळी गंज होता. रुंद तोंडाचा, जड बुडाचा. त्यांच्या आईने दिलेला. ताक त्यात, कढी त्यात, अंबाडीची भाजी त्यात. पितळेत आंबट शिजवायचं म्हणजे आतून कल्हई हवी. पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता लावून बसायचा, बायका भांडी घेऊन जमायच्या. तो यायचा बंद झाला आणि गंजाची कल्हई उडत चालली. काकूंनी तो माळ्यावर ठेवून द्यायचं ठरवलं होतं, पण जीव होत नव्हता. मग गुणवंतराव म्हणाले की कल्हई मीच लावून देतो, त्याच्यात काय आहे. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, कापसाने पुसायचं. मी शाळेतून आले तर काकू उन्हात गंज धरून उभ्या होत्या. आतून आरशासारखा लखलखत होता. मला आत डोकावून पाहायला लावलं. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली, नवऱ्याने आपल्यासाठी काहीतरी केलं असं त्या पहिल्यांदाच सांगत होत्या.

त्यानंतर कढी रोजची झाली. गुणवंतरावांना ताकाचं काही चालत नसे. त्यांना सुकं, तिखट, झणझणीत लागायचं. कढी प्यायच्या त्या काकूच.

पुढे काकूंचं पोट दुखायला लागलं. मुरडा उठला की त्या चुलीपाशी वाकून बसायच्या. तोंडाला चव नाही, झोप नाही, चेहरा मातीसारखा झाला. गावच्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या, मग अॅसिडिटीच्या, मग रक्तवाढीच्या. पोटाला थंडावा म्हणून काकू आणखी ताक प्यायला लागल्या. मग एक दिवस त्या भाकरी थापत होत्या आणि उजवा हात मनगटातून खाली लोंबला. वर उचलेना. भाकरी परातीतच फाटली. गुणवंतराव बाजेवरून म्हणाले, काम टाळायचं सोंग आहे. मी दारात उभी होते. माझ्या हातात काही असतं तर मी ते त्यांच्या डोक्यात घातलं असतं, हे मी आजही शांतपणे लिहू शकते.

काकूंचे भाऊ प्रल्हादराव, चिखली तालुक्यात उंद्रीला त्यांची शेती. मी त्यांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी आले आणि आम्ही काकूंना अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. लोक काय म्हणतील म्हणून गुणवंतरावही आले. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी हात पाहिला, मग काकूंचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेने निळसर काळी रेघ होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की घरात शिशाचं काही काम चालतं का? रंगाचं, बॅटरीचं, कशाचंही?

गुणवंतराव म्हणाले, "नाही. आमच्या घरी तसलं काही नाही."

हे ते म्हणाले तेव्हा त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते, आणि नखांत शिशाचा काळा मळ भरलेला होता. मी डॉक्टरांना छर्‍यांचं सगळं सांगितलं. त्यावर गुणवंतराव चिडले. ते अंगणात असतं, हिचा काय संबंध, असं म्हणाले. डॉक्टर बाईंनी त्यांच्याकडे लक्ष न देता काकूंना विचारलं की तुम्ही आंबट कशात शिजवता. काकूंनी गंजाचं सांगितलं. कल्हई घरीच लावली, यांनीच लावली, हेही सांगितलं, आणि त्यातही बिचारीच्या आवाजात थोडा अभिमान होता. कशाने लावली, असं डॉक्टरांनी विचारलं. कथिलाने, गुणवंतराव म्हणाले. रक्ताचा रिपोर्ट आला तो शिशाचा. काकूंच्या अंगात इतकं शिसं होतं की डॉक्टरांनी त्यांना घरी जाऊच दिलं नाही. तुमचंही रक्त तपासू, म्हणून त्यांनी गुणवंतरावांना सांगितलं. त्यांनी बाही वर करायला नकार दिला.

गंज प्रल्हादराव घेऊन गेले आणि तो तपासून घेतला. आतली ती चमक कथिलाची नव्हतीच. कथील नावाला, बाकी शिसं. मग मला उलगडलं. छर्‍याला न चालणारे तुकडे गुणवंतराव एका पत्र्याच्या डब्यात टाकत. त्यात रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची झाळण्याची कांडी होती, चाकाची वजनं होती, इतर सगळा मिसळीचा माल होता. पांढरट दिसतं, लवकर वितळतं, भांड्याला चांगलं धरतं. कथील विकत आणायला खामगावला कोण जाणार? बंदुकीच्या नळीला जे शिसं कडक पडतं म्हणून त्यांनी बाजूला टाकलं, ते काकूंच्या गंजाला लागलं.

मी अंगणात उभी राहून त्यांना हे विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. थोडं मिसळ निघालं असेल, त्याला मी काय करू, म्हणाले. मी दुसरी खोली बघितली आणि त्या आवारातून बाहेर पडले.

औषधं लांबली. काकू उंद्रीला भावाकडे राहायला गेल्या. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले तेव्हा चेहऱ्यावर रंग परतला होता. हात अजून पूर्ण वर येत नव्हता, पण बोटं वळत होती. ओसरीवर बसून आम्ही दोघी हरभऱ्याची डाळ निवडत होतो. तेवढ्यात दारासमोर जीप थांबली. गुणवंतराव उतरले, सोबत त्यांच्या भावकीतली दोन वयस्क माणसं. पांढरा सदरा, अष्टगंध, सगळं जिथल्या तिथे. काकूंना न्यायला आले होते.

बोलणं त्या दोघांनीच केलं. झालं गेलं विसरायला पाहिजे, बाईशिवाय घर म्हणजे काय, या वयात माहेरी राहणं शोभत नाही. गुणवंतराव ओसरीच्या खांबाला टेकून बसून चहा पीत होते. प्रल्हादराव रागाने लाल झाले होते, पण त्यांची नजर बहिणीकडे होती. काकू आत गेल्या. मला वाटलं, आता परत येणार नाहीत. पण त्या डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मी येतो," त्या म्हणाल्या. "आत्ता पिशवी भरतो. पन त्याईनं इथं मानसाईत एवढंच म्हनावं का, गंजाले लावलं तवा ते शिसं हाय हे मले वळखू आलं नाही. फसलो मी. बस, एवढंच."

मी काकूंकडे पाहतच राहिले. इतक्या मोठ्या गोष्टीसाठी त्यांनी केवढं लहान दार उघडं ठेवलं होतं. माफी मागा म्हटलं नव्हतं, बंदूक सोडा म्हटलं नव्हतं. ओळखू आलं नाही, म्हणजे चूक झाली, आणि चूक झालेल्या नवऱ्यासोबत राहता येतं. ओळखू येऊनही लावलं असेल, तर त्या घरात कुणाच्या भरवशावर पाणी प्यायचं? बरोबरच्या म्हाताऱ्यांनाही ते कळलं. एकजण म्हणाला, "म्हनून टाका ना गुणवंतराव. तुमचं काय जाते?"

त्यांचं काय जात होतं, ते फक्त मला आणि काकूंना माहीत होतं. भर बाजारात गोणी उपडी करणारा माणूस चारचौघांत म्हणेल का, की मला शिसं ओळखू आलं नाही? त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एकदा ओठ हलले. मला खरंच वाटलं की आता म्हणतील, आणि त्या क्षणी मी मनातून त्यांना सगळं माफही करून टाकलं असतं.

ओसरीच्या त्याच खांबाला प्रल्हादरावांचं मासे धरायचं जाळं वाळत घातलेलं होतं. तलावावर जायचा त्यांना नाद आहे. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले होते. गुणवंतरावांचा हात मागे गेला आणि एक मणी बोटात आला. मुद्दाम नसेल. हाताला सवय होती. त्यांनी अंगठ्याचं नख मण्यावर दाबलं, मान वळवून ओरखडा पाहिला, मग जाळं थोडं ओढून मणी दाताखाली धरला. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"प्रल्हाद," ते म्हणाले, "हे शिसं कुठून आनलं बे? एक नंबर हाय. याच्यात कथिलाचा कन बी नाही."

दोघांपैकी एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. काकूंनी चौकट सोडली, पुढे आल्या, गुणवंतरावांच्या पुढ्यातला अर्धा राहिलेला चहाचा कप डाव्या हाताने उचलला आणि आत निघून गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

प्रल्हादरावांनी जाळं त्यांच्या हातातून काढून घेतलं तेव्हा कुठे ते उठले. दोन्ही म्हातारे त्यांच्यासाठी न थांबता जीपकडे चालू लागले होते. गुणवंतराव पुढच्या सीटवर बसले, सदऱ्याने तोंड पुसलं, आणि जीप वळत असताना ड्रायव्हरला सांगू लागले की असं शिसं आता कुठे मिळत नाही.